रिपोर्टात सेफाझोलिन, चिठ्ठीत सेफ्युरॉक्झिम: एका औषधाचा निकाल त्याच्या भावकीला लागू होतो का?

विडीघरकुलकर | सोमवार, रात्री ९.२०

मंडळी, नमस्कार. आईला आठवडाभर लघवीला जळजळ होती आणि सारखं जावं लागत होतं. वय ५८, शुगर नाही, ताप नाही, पाठ-कंबर दुखत नाही. आधी आम्ही उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर काढलं. मे महिना, सोलापूर, त्यात आई कामाच्या नादात पाणी प्यायचंच विसरते. चार दिवसांत फरक पडेना तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी सुरू करण्याआधीच लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला सांगितलं.

रिपोर्ट आज आला. ई. कोलाय हा जंतू, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. ॲम्पिसिलीन, सिप्रोफ्लॉक्सासिन, कोट्रायमॉक्साझोल रेझिस्टंट, म्हणजे चालणार नाहीत. नायट्रोफ्युरांटॉइन, फॉस्फोमायसिन, जेंटामायसिन, सेफाझोलिन सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतील. नायट्रोफ्युरांटॉइन आईला मागच्या वेळी सोसलं नव्हतं, उलट्यांनी बेजार झाली होती. म्हणून डॉक्टरांनी सेफ्युरॉक्झिमच्या गोळ्या लिहून दिल्या.

मेडिकलमध्ये चिठ्ठी आणि रिपोर्ट दोन्ही पुढे केले. तिथला मुलगा म्हणाला, "दादा, हे औषध तर रिपोर्टात नाहीच." घरी येऊन तीन वेळा वाचलं. खरंच नाही. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "सेफाझोलिन आलंय ना, त्यातच ते आलं." दवाखान्यात गर्दी होती, पुढे विचारता आलं नाही. रात्रीची पहिली गोळी दिली आहे, पण जिवाला चैन नाही. ज्या औषधाची परीक्षाच झाली नाही ते पास कसं? जाणकारांनी सांगावं.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ९.४५

आपल्याकडे लग्नाला भावकीतला एक माणूस आला की भावकीची हजेरी लागली असं धरतात. तसं असेल. पण खरं काय ते ऐकायला मीही बसलोय. काकूंना बरं वाटू दे लवकर.

होटगीरोड | सोमवार, रात्री १०.०५

मला हे अजिबात पटत नाही. पैसे पूर्ण घेतात, मग जे औषध द्यायचं त्याचीच तपासणी करायला काय होतं? माझ्या सासऱ्यांच्या रिपोर्टातही हेच. यादीत दहा नावं आणि डॉक्टरांनी दिलं अकरावं. आपण घाबरलेले असतो, कागदाकडे बघून धीर धरायचा असतो. त्या कागदावरच औषधाचं नाव नसेल तर कसला धीर?

प्लेटवाली_ताई | सोमवार, रात्री ११.१०

मी १४ वर्षं लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर आहे, सगळी सोलापुरातच. तुमचे डॉक्टर बरोबर आहेत, आईंची गोळी चुकवू नका. आता कसं ते सांगते.

लघवीचा नमुना आला की तो प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य थिजवलेल्या बशीवर, रेषा मारून लावतो. दुसऱ्या दिवशी ग्रोथ दिसते. त्यातल्या तीन-चार वसाहती उचलून सलाईनमध्ये ढवळायच्या, पाणी ठरावीक प्रमाणात गढूळ झालं पाहिजे. शेजारी मानक नळी धरून, मागे काळ्या रेघांचा कागद ठेवून डोळ्यांनी ताडून बघतो. मग पंधरा मिनिटांच्या आत कापसाचा स्वॅब त्यात बुडवायचा, नळीच्या कडेला दाबून पिळायचा आणि म्युलर-हिंटन अगार नावाच्या खाद्याच्या प्लेटवर शेणाने अंगण सारवतात तसं सारवायचं. एकदा सारवलं की प्लेट फिरवून पुन्हा, असं तीनदा. कुठे कोरडी जागा राहिली तर निकाल बिघडतो. त्यावर औषधाच्या डिस्क, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकत्या, ठेवायच्या, चिमट्याने, एकदाच. डिस्क अगारला टेकली की औषध लगेच झिरपायला लागतं, मग ती सरकवायची नाही. ३५ अंशांवर १६ ते १८ तास. सकाळी प्लेट उलटी धरून काळ्या कागदावर झोनचा, म्हणजे डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या गोल जागेचा, व्यास मोजायचा.

होटगीरोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दोन डिस्कच्या केंद्रांत किमान २४ मिमी अंतर लागतं, नाहीतर झोन एकमेकांत घुसतात. १०० मिमीच्या प्लेटवर पाचेक डिस्क बसतात, १५० च्या मोठ्या प्लेटवर बारा. सेफाझोलिन, सेफ्युरॉक्झिम ज्यातली, त्या सेफॅलोस्पोरिन गटातली औषधंच मोजायला बसलात तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. म्हणून गटातून एक प्रतिनिधी लावतात. साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गात तोंडाने घ्यायच्या सेफॅलोस्पोरिनचा प्रतिनिधी सेफाझोलिन. स्वतः सेफाझोलिन इंजेक्शनच आहे, त्याची गोळी मिळत नाही. मेडिकलमधल्या मुलाचा गोंधळ झाला यात नवल नाही.

आजीची_फणी | मंगळवार, सकाळी ६.५०

इतकं समजावून सांगितलंत, आशीर्वाद घ्या ताई. विडीघरकुलकर, धन्याचं पाणी, सब्जा चालू ठेवा, पण गोळीच्या बदल्यात नाही हो. आमच्या जाऊबाईंनी पंधरा दिवस पाण्यावर काढले आणि मूत्रपिंडापर्यंत गेलं. थंडी वाजून ताप आला तेव्हा धावपळ.

सूक्ष्मजीवी | मंगळवार, सकाळी ८.१५

ताईंनी प्लेट डोळ्यांसमोर उभी केली. मी मायक्रोबायोलॉजीत एमडी आहे, शिक्षण आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजात. दोन मुद्दे वाढवतो, कारण "प्रतिनिधी" हा शब्द अर्धाच समजला तर घोटाळा होतो.

पहिला मुद्दा. हे नातं बहुतेक वेळा एकाच दिशेने चालतं. ई. कोलाय, क्लेब्सिएला न्यूमोनिए आणि प्रोटिअस मिराबिलिस या तीन जंतूंच्या साध्या मूत्रसंसर्गात सेफाझोलिन सेन्सिटिव्ह आलं तर सेफॅलेक्सिन, सेफॅक्लोर, सेफ्युरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफडिनिर हे चालतील असं धरता येतं. पण सेफाझोलिन रेझिस्टंट आलं म्हणून ही सगळी गेली असं नाही. त्यातली सेफ्युरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफडिनिर कधीकधी तरीही चालतात, ती वेगळी तपासून बघावी लागतात. डॉक्सिसायक्लिनचंही तसंच. टेट्रासायक्लिन सेन्सिटिव्ह तर डॉक्सी आणि मिनोसायक्लिन सेन्सिटिव्ह. टेट्रासायक्लिन रेझिस्टंट असेल तर मात्र डॉक्सी वेगळं तपासा, ते अजून चालणारं असू शकतं.

न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे पेनिसिलीन चालेल का हे बघायला १ मायक्रोग्रॅमची ऑक्सासिलिन डिस्क लावतात. झोन २० मिमी किंवा जास्त आला तर पेनिसिलीन चालेल, विषय संपला. १९ किंवा कमी आला तर "पेनिसिलीन रेझिस्टंट" असं लिहायचं नाही. त्या जंतूची एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारी औषधाची कमीत कमी मात्रा, काढायची आणि मगच बोलायचं.

दुसरा मुद्दा "साध्या" या शब्दाचा, तो रात्री लिहितो. ओपीडी सुरू झाली.

मेडिकल_साखरपेठ | मंगळवार, दुपारी २.३०

आमच्या बाजूनेही सांगतो. काउंटरवरचा मुलगा चुकला नाही, त्याने चिठ्ठी आणि रिपोर्ट जुळवून बघितले, हे चांगलंच आहे. पण त्याने "डॉक्टरांना एकदा विचारा" एवढंच म्हणून थांबायचं होतं. मी माझ्या पोरांना हेच शिकवतो. शेड्यूल एच-वन या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत तिसऱ्या-चौथ्या पिढीतली बरीच सेफॅलोस्पोरिन आली, १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी वही ठेवावी लागते, पेशंट आणि डॉक्टरांच्या नावानिशी, तीन वर्षं जपून. तरी रोज संध्याकाळी कोणीतरी येतंच, "मागच्या वेळचं तेच द्या". त्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं, कारण त्यातले निम्मे यंत्रमागावरून थेट आलेले असतात, डॉक्टरांकडे गेले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तरी नाही म्हणतो.

मागवाला | मंगळवार, संध्याकाळी ७.४०

यंत्रमागाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आम्ही पद्मशाली, अशोक चौकाच्या मागे राहतो, घरात तेलुगू, बाहेर मराठी. आमच्या नानांच्या पायाला मागाचा पत्रा लागला. जखम चिघळली, पू झाला. पहिल्या ठिकाणी क्लिंडामायसिन सुरू केलं, कल्चर नाही. सहा दिवस झाले तरी सूज तशीच. दुसरीकडे नेलं, तिथे पू तपासायला पाठवला. रिपोर्टात लिहून आलं, "क्लिंडामायसिन रेझिस्टंट", आणि खाली बारीक अक्षरात "डी टेस्ट पॉझिटिव्ह". औषध बदललं, दहा दिवसांत नाना मागावर उभे.

पण लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या, "नुसती क्लिंडाची डिस्क लावली असती तर सेन्सिटिव्ह आलं असतं." ते आजपर्यंत समजलं नाही. रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह कसा दिसेल? ताई, सांगाल का?

प्लेटवाली_ताई | मंगळवार, रात्री १०.००

मागवाला, नाना बरे झाले हे वाचून खूप बरं वाटलं. डी टेस्ट ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट आहे, मन लावून सांगते.

एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही रक्ताच्या नात्याची औषधं नाहीत, त्यांची रचना वेगळी. पण जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे त्याच्या प्रथिनं बनवायच्या यंत्रावर, दोघं एकाच ठिकाणी बसतात, म्हणजे दोन घरांना एकच ओटा. जखमेत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी काहींकडे अर्म नावाचा जनुक असतो. तो जागा झाला की त्या ओट्यावर जंतू एक रासायनिक खूण चिकटवतो आणि दोन्ही औषधांना बसायला जागाच राहत नाही. गंमत अशी की हा जनुक एरिथ्रोमायसिनच्या चाहुलीने जागा होतो, क्लिंडाच्या चाहुलीने सहसा होत नाही. म्हणून क्लिंडाची डिस्क एकटी ठेवली तर जंतू झोपलेलाच राहतो, झोन छान गोल येतो आणि आपण "सेन्सिटिव्ह" लिहून मोकळे होतो. पेशंटच्या अंगात मात्र लाखो जंतूंमधला एखादा कायमचा जागा झालेला निघतो, आणि औषध चालू असताना त्याचीच पिलावळ वाढते.

म्हणून एरिथ्रोची १५ मायक्रोग्रॅमची आणि क्लिंडाची २ मायक्रोग्रॅमची डिस्क शेजारी ठेवायची, कडेपासून कडेपर्यंत १५ ते २६ मिमी. सकाळी प्लेट बघायची. एरिथ्रोभोवती झोन जवळजवळ नाही. क्लिंडाभोवती मोठा झोन आहे, पण एरिथ्रोकडची बाजू सरळ कापल्यासारखी. इंग्रजी डी अक्षर. मला तर कडक भाकरी एका बाजूने मोडून ठेवल्यासारखी दिसते. ती सपाट बाजू जिथे आहे तिथे एरिथ्रो पोचलंय, जंतू जागे झालेत आणि क्लिंडाच्या तोंडावर वाढलेत. हे दिसलं की क्लिंडा रेझिस्टंट लिहायचं, झोन कितीही मोठा असो.

जादा डिस्क लागत नाही, जादा दिवस लागत नाही. फक्त त्या दोघांना शेजारी बसवायची आठवण ठेवायची.

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री १०.१५

माझं नाव प्लेटवर झळकलं! उद्या घरी भाकरी मोडताना पोरांना डी टेस्ट दाखवणार, शेंगा चटणीसकट.

पिंपरीतला_सोलापूरकर | मंगळवार, रात्री ११.३०

थोडं विषयांतर करतो, राहवत नाही. सेफाझोलिन, सेफ्युरॉक्झिम या सगळ्या भावकीचा मूळपुरुष निघाला कुठे? इटलीच्या सार्डिनिया बेटावर, काग्लियारी शहरात. १९४५ मध्ये जुसेप्पे ब्रोत्झू नावाच्या प्राध्यापकाने सांडपाणी समुद्राला मिळतं तिथलं पाणी तपासलं आणि त्यात त्याला टायफॉइडच्या जंतूंना आवरणारी बुरशी सापडली. पुढे ऑक्सफर्डमध्ये तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं केलं गेलं, आणि त्याच्या गाभ्याला नवनव्या शेपट्या जोडत आजची औषधं झाली. गाभा तोच, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. शेपट्या वेगळ्या, म्हणून तो अंदाज कुठेतरी तुटतो.

मी नोकरीला पिंपरीत आलो तेव्हा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या फाटकासमोरून रोज जायचो. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला कारखाना. आणि सोलापूरला आलो की भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात जातो. १९३८ ते १९४२, चीनमध्ये युद्धातल्या जखमा धुवायच्या आणि हाताशी पेनिसिलीन नाही. आज मागवाल्यांच्या नानांचा पाय कोणतं औषध द्यायचं ते बघून दहा दिवसांत बरा होतो. हे साधं नाही, मला गहिवरून येतं.

सूक्ष्मजीवी | बुधवार, सकाळी ७.००

काल रात्री राहून गेलेला "साध्या"चा मुद्दा. तो सांगण्याआधी, विडीघरकुलकर, एक काम करा. लॅबला फोन करून सेफाझोलिनचा झोन किती मिमी आला ते विचारा. सांगतील.

बार्शीचा_डॉक्टर | बुधवार, दुपारी १.१०

मी जनरल प्रॅक्टिशनर. सूक्ष्मजीवी सरांचा आदर राखून सांगतो, आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पेशंटचं कल्चर होतच नाही. नमुना सोलापूरला पाठवायचा, त्यात उन्हाने एसटीत तो तापतो, दोन तासांच्या वर गेला तर जंतू भलतेच वाढलेले असतात. मग अनुभवावर गोळी द्यावी लागते. प्रतिनिधी, भावकी हे सगळं खरं, पण रिपोर्ट हातात आला तर. आणि आला तरी त्यात "सेफाझोलिन: सेन्सिटिव्ह" एवढंच. त्याखाली "म्हणजे सेफ्युरॉक्झिम, सेफॅलेक्सिन चालेल" हे एक वाक्य लिहायला लॅबला काय जड आहे? माझ्याबरोबरच्या कितीतरी डॉक्टरांना हे माहीत नाही, कारण आम्ही शिकलो तेव्हा हा नियमच नव्हता. ते सेफाझोलिन वाचतात, गोळी मिळत नाही म्हणून सोडून देतात आणि सरळ तिसऱ्या पिढीचं भारी औषध लिहितात. कधीकधी मीही लिहिलंय.

होटगीरोड | बुधवार, दुपारी १.४०

डॉक्टर, अगदी माझ्या मनातलं बोललात. प्लेटवर जागा नाही हे ताईंनी सांगितलं, पटलं. पण कागदावर तर जागा आहे ना?

सिद्धेश्वरपेठ | बुधवार, दुपारी ४.००

माझ्या मुलाचा टायफॉइड, २००९. गड्ड्याच्या यात्रेनंतर ताप सुरू झाला, म्हणजे जानेवारीच. रक्ताचं कल्चर केलं, साल्मोनेला टायफी. सिप्रो सेन्सिटिव्ह, नॅलिडिक्सिक ॲसिड रेझिस्टंट. सिप्रो सुरू झालं. सातव्या दिवशीही १०३ ताप. मी रात्रभर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलेली. आठव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट बघितला, नॅलिडिक्सिकच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शनं सुरू केली. तीन-चार दिवसांत ताप उतरला. रिपोर्ट चुकीचा नव्हता असं ते म्हणाले. मग काय चुकलं होतं?

सूक्ष्मजीवी | बुधवार, रात्री ९.३०

सिद्धेश्वरपेठ, त्या रात्री कशा गेल्या असतील कल्पना करवत नाही. मुलगा आता मोठा झाला असेल.

नॅलिडिक्सिक ॲसिड हे सिप्रोचं वडीलधारं. टायफॉइडच्या जंतूत एकच छोटा बदल झाला की म्हातारं औषध पूर्ण निकामी होतं आणि सिप्रो अर्धवट. पण त्या वेळच्या तक्त्यानुसार सिप्रोचा झोन २१ मिमी आला की सेन्सिटिव्ह, त्यामुळे ते अर्धवटपण लपून जायचं. म्हणून नॅलिडिक्सिकची डिस्क चुगलीखोर म्हणून लावत. तिची ओळ वाचायची होती, तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी फक्त सिप्रोची वाचली. २०१२ मध्ये या तक्त्यांच्या रेघा ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेने साल्मोनेला टायफीसाठी ती रेघ २१ वरून ३१ मिमीवर नेली. झोन तोच, जंतू तोच, अर्थ बदलला. आता नॅलिडिक्सिकपेक्षा पेफ्लॉक्सासिनची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क जास्त भरवशाची, २४ मिमीच्या खाली आली की सिप्रो द्यायचं नाही.

टायफॉइडबद्दल आणखी एक. जेंटामायसिनचा झोन प्लेटवर सुंदर येतो, तरी रिपोर्टात सेन्सिटिव्ह लिहायचं नाही. कारण हा जंतू पेशींच्या आत लपतो आणि जेंटामायसिन तिथे नीट पोचत नाही. पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या सेफॅलोस्पोरिनचीही तीच गोष्ट. होटगीरोड, "सगळ्या डिस्क लावा, सगळं छापा" याला माझा विरोध यासाठीच आहे. प्लेटवर चाललं ते माणसात चालेलच असं नाही, आणि छापलेलं नाव कोणीतरी देतंच.

होटगीरोड | बुधवार, रात्री १०.१०

हे कळलं. पण सर, भारी औषधांचे निकाल लॅब मुद्दाम झाकून ठेवते असंही ऐकलंय. सासरे आयसीयूत असताना आम्हाला एकेक तास मोठा होता. तिथे झाकाझाकी नको.

सूक्ष्मजीवी | बुधवार, रात्री १०.३०

साधं औषध चालत असेल तर मेरोपेनेमसारख्याचा निकाल रिपोर्टात देत नाही, हे खरं आहे. तो लॅबच्या नोंदीत असतो, डॉक्टरांनी फोन केला की एका मिनिटात मिळतो. दिसलं की दिलं जातं, आणि उद्या तेही उरणार नाही, म्हणून हा नियम.

होटगीरोड | बुधवार, रात्री १०.४०

रात्री दोन वाजता फोन उचलला जातो का, हा माझा प्रश्न आहे. मी माझ्या मतावर आहे, राग नसावा.

विडीघरकुलकर | गुरुवार, सकाळी ११.००

लॅबला फोन केला. त्यांनी वही उघडून सांगितलं, सेफाझोलिनचा झोन १८ मिमी. आईची जळजळ निम्म्याहून कमी झालीय, काल रात्री एकदाच उठली. आता सर, १८ चांगलं की वाईट?

सूक्ष्मजीवी | गुरुवार, दुपारी २.५०

आईंना उतार पडतोय हे पहिलं महत्त्वाचं. आता १८ चं ऐका, मी ते विचारायला का लावलं ते कळेल.

साध्या मूत्रसंसर्गासाठी सेफाझोलिनची रेघ १५ मिमी. १५ किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह. तुमचं १८, म्हणजे पास. पण हाच ई. कोलाय आईंच्या रक्तात किंवा मूत्रपिंडात सापडला असता तर रेघ वेगळी आहे. तिथे २३ किंवा जास्त असेल तरच सेन्सिटिव्ह, आणि १९ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. तीच प्लेट, तीच डिस्क, तेच १८ मिमी. मूत्राशयात चालेल, रक्तात नाही. कारण औषध लघवीतून बाहेर पडताना तिथे कितीतरी दाट होतं, रक्तात तेवढं दाट होत नाही.

म्हणून "साध्या" हा शब्द. ताप, थंडी, कुशीत दुखणं, उलट्या यातलं काहीही सुरू झालं तर ती सेफाझोलिनची ओळ रद्द समजा. सेफ्युरॉक्झिमची गोळी चालू आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

मागवाला | गुरुवार, संध्याकाळी ८.००

हे वाचून अंगावर काटा आला. एकाच आकड्याचे दोन अर्थ. आणि रिपोर्टात तर आकडासुद्धा नसतो, फक्त सेन्सिटिव्ह.

प्लेटवाली_ताई | गुरुवार, रात्री १०.२०

सर म्हणाले ते आमच्या टेबलावर भिंतीला लावलेल्या तक्त्यात आहे, पण पेशंटपर्यंत जात नाही. बार्शीच्या डॉक्टरांचं आणि होटगीरोड यांचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे, कागदावर तर जागा आहे ना. आमच्या मॅडमशी उद्या बोलते.

त्या १८ वर विश्वास का ठेवायचा तेही सांगते. सोलापूरच्या मे महिन्यात डिस्क सांभाळणं हे तान्ह्या बाळासारखं काम आहे. सीलबंद कुप्या डीप फ्रीझरमध्ये, वापरातली फ्रीजमध्ये. बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं आणि औषध मरतं. सेफॅलोस्पोरिन, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवाल्या जोड्या आणि इमिपेनेम फार नाजूक. वीज गेली की माझं पहिलं लक्ष फ्रीझरच्या थर्मामीटरकडे. आणि डिस्क ठीक आहे का हे बघायला ओळखीचा जंतू असतो, ई. कोलाय एटीसीसी २५९२२. त्याच्यावर सेफाझोलिनचा झोन २१ ते २७ मिमीच यायला हवा. २० आला तर कारण सापडेपर्यंत त्या औषधाचा एकही रिपोर्ट जात नाही. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका सकाळी अकरा पेशंटचे रिपोर्ट मी थांबवले होते. नातेवाईक खूप बोलले. नवी कुपी उघडून पुन्हा लावलं, दुसऱ्या दिवशी २४ आला, मग सोडले.

मेडिकल_साखरपेठ | शुक्रवार, सकाळी ९.३०

ताई, अकरा लोकांची बोलणी खाऊन रिपोर्ट थांबवणं, याला काळीज लागतं. मी सेफाझोलिन आणि गोळ्यांची यादी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, खाली "ताप असेल तर डॉक्टरांना फोन" असं लाल पेनाने.

विडीघरकुलकर | रविवार, संध्याकाळी ६.१५

आईचा कोर्स आज सकाळी संपला. जळजळ नाही, ताप आलाच नाही, रात्री झोप लागते. आता पाण्याची बाटली तिच्या ओट्यावरच ठेवलीय आणि दर दोन तासांनी मी फोन करतो, ती वैतागते. सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या मॅडम काय म्हणाल्या?

प्लेटवाली_ताई | रविवार, रात्री ९.०५

सुरुवातीला म्हणाल्या की डॉक्टरांना हे माहीत असतं, कशाला लिहायचं. मी त्यांना बार्शीच्या डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गप्प झाल्या, मग स्वतः कॉम्प्युटरवर बसल्या. लघवीच्या रिपोर्टात सेफाझोलिनच्या ओळीखाली आता हे छापलं जातं: "हा निकाल फक्त साध्या मूत्रसंसर्गासाठी. सेन्सिटिव्ह असल्यास सेफॅलेक्सिन, सेफ्युरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम तोंडाने देता येतील. ताप किंवा कुशीत दुखत असल्यास हा निकाल लागू नाही, लॅबशी बोलावे." शेवटी लॅबचा नंबर. होटगीरोड, रात्रपाळीचाही टाकलाय.

काल असा पहिला रिपोर्ट गेला, अक्कलकोटच्या एका बाईंचा. झोन १६.